आक्षेप नसलेली गाडी

नाना गाडी बघायला जातात. घ्यायला नाही, बघायला. निवृत्त होईपर्यंत ते सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात होते. दुसऱ्याच्या हिशेबातली खोट शोधायची, आक्षेप नोंदवायचा, खुलासा मागवायचा आणि खुलासा आला की तो असमाधानकारक ठरवायचा, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर आक्षेप घ्यायला घरात फक्त वहिनी उरल्या. त्यांनी लवकरच, ‘तुम्ही एखादी सेकंडहँड गाडी का बघत नाही?’ असं सुचवलं. वहिनींचे गुडघे दुखतात हे खरं आहे. वसई स्टेशनला शेअर रिक्षात अंग चोरून बसायचं म्हणजे त्या गुडघ्यांचे हालच. पण त्या सूचनेत गुडघ्यांचा वाटा किती आणि नानांचा किती, हे मला विचारू नका.

नवी गाडी नानांनी चर्चेलाच घेतली नाही. “विमा कंपन्यांचं कोष्टक आहे,” ते म्हणाले. “सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५, पाच वर्षांत ५० टक्के किंमत उतरते. ही झळ पहिल्या मालकाने सोसावी. आपण कशाला?” हिशेब बिनतोड होता. खरं कारण मात्र असं, की नव्या गाडीत शोधण्यासारखं काही नसतं. एकदा ते शोरूममधल्या कोऱ्या गाडीभोवती फिरून आले होते. सरबत मिळालं, रंगीत माहितीपत्रक मिळालं, आणि नाना चेहरा पाडून घरी आले.

जुन्या गाडीजवळ त्यांना पाहावं. रविवारी सकाळी मी स्कूटर काढायची, नाना मागे बसणार, आणि आम्ही अहमदाबाद हायवेला वसई फाट्याच्या आसपास जुन्या गाड्यांची दुकानं धुंडाळणार. नानांच्या मांडीवर शबनम पिशवी. तिच्यात टॉर्च, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा आणि डायरी. दुकानातला पोरगा पोपटपंची सुरू करतो, “डॉक्टरची गाडी आहे काका. फर्स्ट ओनर, लेडीज ड्रिव्हन, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल. एक स्क्रॅच दाखवा.” नाना नुसते “हं” म्हणतात. त्या ‘हं’ने पूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांतले हेडक्लार्क रजेवर गेलेले आहेत.

मग चुंबक दारावरून फिरू लागतं. पत्र्याला ते चिकटतं, आणि खाली पुट्टी भरलेली असेल तिथे सुळकन घसरतं. ते घसरलं की नानांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती येते, ती मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिली नव्हती. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का, सगळ्या काचांवरचं साल एकच आहे का, डिकीत स्टेपनीखाली गंज आहे का, सगळं आरशातून बघून होतं. मीटर ३२ हजार किलोमीटर दाखवतो आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत. नाना पोराला शांतपणे विचारतात, “डॉक्टरीणबाई सिग्नलला उभ्या असतानाही ब्रेक घासत बसायच्या काय रे?”

शेवटी पट्टा. सीटबेल्ट नाना हळूहळू ओढत राहतात, पार शेवटपर्यंत. पुरातून निघालेली गाडी धुतात, सीटकव्हर बदलतात, अत्तरसुद्धा मारतात. पण पट्ट्याचं आत गुंडाळलेलं टोक सहसा कुणी धूत नाही. तिथे गाळाची करडी रेघ दिसली की नाना डायरी उघडतात.

पूर या विषयात नानांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. आपण सण पाठ करतो, त्यांनी पूर पाठ केलेत. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. डिसेंबर २०१५, चेन्नई. ऑगस्ट २०१८, केरळ. ऑगस्ट २०१९, सांगली-कोल्हापूर. जुलै २०२१, चिपळूण. त्यामुळे नंबरप्लेट वाचली की त्यांना आधी पाणी दिसतं. एमएच-१० म्हटलं की कृष्णा, एमएच-०८ म्हटलं की वाशिष्ठी. परराज्यातून ना-हरकत घेऊन एमएच-४८ झालेली गाडी तर ते दोन पावलं लांबूनच हुंगतात. एकदा रत्नागिरीच्या एका गाडीत त्यांना कुबट वास आला. “चिपळूण,” नाना म्हणाले. पोरगा काकुळतीला आला, “काका, मालकाचं सुक्या मासळीचं दुकान होतं!” नानांनी डायरीत लिहिलं : खुलासा असमाधानकारक.

या व्यासंगातून नाना ‘टोटल लॉस’ गाडीपर्यंत आले. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी मेली असं समजते, मालकाचे पैसे चुकते करते आणि सांगाडा बोली लावणाऱ्याला जातो. बोली लावणारा काही सांगाडा देवघरात ठेवायला नेत नाही. मेलेली गाडी डेंटिंग-पेंटिंग होऊन पुन्हा उभी राहते आणि वर्षभराने ‘डॉक्टरची’ म्हणून आपल्यासमोर येते. नानांचा भाचा न्यू जर्सीला असतो. तो सांगतो की तिकडे अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली तर मालकीच्या कागदावरच ‘रीबिल्ट’ असा शिक्का बसतो, आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो वाचता येतो. नाना हे ऐकून हळहळले. आपल्या आरसी बुकात मालक, चॅसी नंबर, रंग, बँकेचा बोजा, सगळं असतं. गाडी एकदा मरून आली आहे, एवढंच नसतं. मला वाटलं, नानांना व्यवस्थेतल्या त्रुटीचं दुःख झालं. नंतर लक्षात आलं, त्यांना भाच्याची दया आली होती. कागदावरच लिहिलेलं असेल तर माणसाने शोधायचं काय?

अशा माणसाची गाठ भुईगावच्या पास्कोलकाकांशी पडली.

काकांना गाडी विकायची होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते अंधार पडल्यावर चालवत नव्हते, मुलगा आखातात. गाडी २०१६ सालची वॅगन-आर, अशीला दुकानात दोन लाखांच्या आसपास सांगतात, काका सव्वा लाख मागत होते. फरक ऐकूनच नानांच्या नाकपुड्या फुलल्या. या वेळी वहिनीही रिक्षाने आल्या. वाडीत केळीच्या सावलीत गाडी उभी. नानांनी पिशवीत हात घातला, तोच काका म्हणाले, “बसा आधी. गाडी टोटल लॉस आहे. पुरातली.”

नानांचा हात पिशवीतच राहिला.

काकांनी फाइल आणली. जुलै २०१८. त्या ९-१० तारखेला वसई-विरारमध्ये काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. रुळांवर पाणी, विरारकडची लोकल बंद, वीज नाही, मिठागरात अडकलेली माणसं बोटीने काढावी लागली. काकांची गाडी त्या दिवशी आमच्याच वसंत नगरीत, लेकीच्या बिल्डिंगखाली उभी होती. पाणी डॅशबोर्डच्या वर. फाइलमधला पहिला फोटो तोच. गाडीचं फक्त टप दिसतंय, आणि वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक गृहस्थ बनियनवर उभे राहून त्या टपाकडे बोट दाखवताहेत. नानांनी टॉर्च लावून फोटो निरखला. मीही बघितला. वहिनी म्हणाल्या, “अगंबाई, हे तर तुम्हीच!”

गाडी बुडाल्याचा प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून नानांचा फोटो विकणाऱ्याच्या फाइलमध्ये निघाला. एवढ्या नोकरीत असा कागद त्यांच्यासमोर कधी आला नसावा.

पुढची पानं त्यांनी जरा जपून उलटली. आयडीव्ही ३ लाख ६० हजार. वर्कशॉपचं एस्टिमेट २ लाख ९५ हजार, म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. भंगारवाल्याची बोली ९० हजार. “मी म्हटलं, त्याच भावात माझी गाडी मलाच द्या,” काका म्हणाले. मग ते ९० हजार आणि पॉलिसीतले सक्तीचे हजार कापून आलेला २ लाख ६९ हजारांचा चेक. त्याची झेरॉक्स. मग जावयाच्या गॅरेजची बिलं. वायरिंग सगळं नवं, सीट आणि काही सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारातून, बेरीज १ लाख १० हजार.

नानांच्या डोळ्यांत चमक आली. “म्हणजे काका, या पुरात तुम्ही फायद्यात राहिलात!”

“हो,” काका म्हणाले. “१ लाख ५९ हजार. त्यात विहिरीला पंप बसवला. त्याची पावती मागच्या पानावर आहे. पंप बघायचाय?”

नानांनी पंप बघितला. चालू होता.

त्यांनी कायदा काढला. “मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५. गाडी निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करावी लागते. कळवलंत?” काकांनी चष्मा पुसला. “ते कायमची निकामी झाली तर. ही कालच नारळ घेऊन होळीच्या बाजाराला जाऊन आली.”

नानांनी इंजिन काढलं. पाण्यातली गाडी चालू केली की इंजिन पाणी ओढतं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असलं नुकसान साध्या पॉलिसीत कंपनी सहसा देत नाही. “चावीला हातच लावला नाही,” काका म्हणाले. “लेकीला फोनवर ओरडून सांगितलं. टो करून नेली. पावती आहे.” नाना म्हणाले, पाण्याचं दुखणं लगेच कळत नाही, कनेक्टरला हिरवा गंज चढतो आणि मग एकेक दिवा आपापल्या मर्जीने लागतो. काका म्हणाले, खरं आहे, २०१९ साली उजवा इंडिकेटर लावला की वायपर चालायचा, ते बिल बारा नंबरच्या पानावर आहे; त्यानंतर सहा पावसाळे झाले, काही नाही. क्लेमनंतर शून्यावर आलेला नो क्लेम बोनस चढत चढत पुन्हा ५० टक्क्यांवर गेलाय.

“बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो,” नाना झटकन म्हणाले. दिवसभरात हाती लागलेला हा एकच आक्षेप. त्यांनी तो डायरीत लिहिला आणि खाली रेघ ओढली. मग पट्टा ओढायला गेले. पट्टा कोरा. “पट्टे मी बदलले,” काका म्हणाले. “जुने बघायचे असतील तर पोत्यात ठेवलेत. रेघ आहे त्यावर.”

एवढ्या वेळात वहिनी गाडीत जाऊन बसल्या होत्या. उंच गाडी, गुडघा फारसा वाकवावा लागत नाही. त्या आतूनच म्हणाल्या, “मी आता उतरत नाही.”

त्यानंतर नाना आजारी माणसासारखे दिसू लागले. पूर्वी एका गाडीचा निकाल ते अर्ध्या तासात लावत. आता रात्री दहाला मला खाली बोलवायचे. “सगळं सांगतोय तो,” ते कुजबुजायचे. “माणूस इतकं सांगतो ते कशासाठी? त्यामागे काहीतरी असणार.” मी म्हटलं, मागे केळीची बाग आहे. त्यांना विनोद आवडला नाही. त्यांनी ओळखीच्या मेकॅनिकला नेलं. तो म्हणाला, घ्या. विरारच्या आरटीओतल्या एजंटला गाठलं. तो म्हणाला, फॉर्म २९, फॉर्म ३०, बोजा नाही, एका खेपेत होईल. भाच्याला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, मामा, इथे असती तर शिक्का असता, बाकी तुमच्या काकांनी तर फाइलच दिलीय, शिक्क्यापेक्षा जास्त. प्रत्येक होकाराने नानांची झोप कमी होत गेली. वहिनींनी पर्समध्ये टोकनचे पाच हजार वेगळे बांधून ठेवले, आणि नाना रोज त्या पर्सकडे फितुराकडे पाहावं तसे पाहत.

भुईगावच्या फेऱ्या वाढल्या. नानांनी दुपारी जाऊन बघितलं, पाऊस पडल्यावर जाऊन बघितलं, एकदा न कळवता पहाटे गेले. काका केळीला पाणी देत होते, त्याच पंपाने. दर वेळी चहा, दर वेळी नवा प्रश्न, दर वेळी फाइलमधला एक कागद. माझं प्रामाणिक मत असं, की काकांचाही धीर सुटत चालला होता. साधी माणसं फसवणूक सोसतात, चौकशी सोसत नाहीत.

शेवटच्या फेरीत नानांनी विचारलं, “काका, एक राहिलंच. गाडी तुम्ही विकताय का?”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग फाइल बंद करून म्हणाले, “नाही. आता नाही विकत.”

“म्हणजे?”

“तुम्हाला नाही देत, दुसऱ्यालाही नको. गाडीने पूर सोसला, तुम्ही सोसवणार नाही तिला. राहील अंगणात.” मग वहिनींकडे वळून, “बाई, तुम्हाला कुठे जायचं असेल तर दिवसाउजेडी फोन करा. मी सोडेन.” वहिनींनी पर्स उघडली, पाच हजारांची गाठ सोडवली आणि तिथल्या तिथे पेट्रोलसाठी पाचशे काकांच्या हातावर ठेवले. आगाशीच्या बहिणीकडे त्या याच रविवारी जाणार होत्या.

परतताना स्कूटरवर नाना गासपर्यंत काही बोलले नाहीत. मला धास्ती वाटली. मग मागून त्यांचा जुना, खणखणीत आवाज आला. “पाहिलंत? विकायला तयार नाही! याचा अर्थ गाडी एक नंबर आहे. आणि हेच तो इतके दिवस लपवत होता.”