भावी मालकसाहेबांस, सिलतऱ्याहून

प्रति,
मा. भावी मालक,
पुण्याचा (होऊ घातलेला) फुटबॉल क्लब

विषय : आपण अजून पुढे न आल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

सा. न. वि. वि.

आपण कोण आहात हे मला ठाऊक नाही. इतिहास पाहता बिल्डर असाल, नाहीतर बिल्डरांना कर्ज देणारे. आमच्यासारखे लोखंडवालेही असू शकाल, तेही येऊन गेलेत. हौस असेल, पैसा असेल, आणि निघायचा दरवाजा कुठे आहे हे आपण आल्या दिवशीच पाहून ठेवाल, याबद्दल खात्री बाळगतो.

हे पत्र सिलतऱ्याहून का, ते सांगतो. रायपूर सोडून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की चिमण्या दिसू लागतात. तिथल्या एका स्पंज आयर्न कारखान्यात मी नोकरीला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये कँटीनमध्ये एका सहकाऱ्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, ‘तुंहर टीम त दिल्ली चल दिस.’ बातमी हैदराबाद एफसीची होती. संघ दिल्लीला गेला, नाव पडलं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. माझा संघ पुण्याचा, हे त्याला समजावताना पोह्यांचा गोळा झाला, पण हिशोब तरी बघा : ऑगस्ट 2019 मध्ये एफसी पुणे सिटी गुंडाळला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादला दिली. त्याच महिन्यात दिल्लीचा डायनामोज हा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. मग हैदराबादचा दिल्लीला. म्हणजे दिल्लीचं ओडिशाला, पुण्याचं हैदराबादला, हैदराबादचं दिल्लीला. बदलीच्या सरकारी नोकरालाही निदान एक आदेश हातात मिळतो.

आता माझ्या धंद्यातलं ऐका, कारण दिवाळखोरीत आमचा हात कोणी धरू नये. आमचाही कारखाना मध्यंतरी बुडाला होता. प्रकरण कंपनी न्यायाधिकरणाच्या कटकच्या खंडपीठात गेलं. दाखल झाल्या झाल्या सरकारी नियमाने पेपरात जाहीर नोटीस : ज्यांचं ज्यांचं येणं आहे त्यांनी मुदतीत दावे दाखल करावेत. बँकांनी फॉर्म सी भरला, माल पुरवणाऱ्यांनी बी, कामगारांनी डी. कँटीनच्या ठेकेदाराने चहाच्या थकबाकीचा दावा टाकला आणि तो यादीत छापूनही आला. पैसे किती सुटले ते सोडा. पण त्या यादीत तो माणूस होता.

आणि भट्टी. ही साठ-सत्तर मीटरची आडवी नळकांडी असते. ती बंद केली तरी सोडून देता येत नाही. गार होईपर्यंत तिला हळूहळू फिरवत राहावं लागतं, नाहीतर स्वतःच्या वजनाने तिचं कवच वाकतं आणि पुढे कोणाच्याच कामाची राहत नाही. मालक तुरुंगात असो की लंडनला, रात्रपाळीचा फिटर ती फिरवतो. साहेब, पुण्याच्या क्लबासाठी हे कोणी केलं?

एफसी पुणे सिटीचे मालक वाधवान घराणं. त्यांची डीएचएफएल कंपनी बुडाली, तेव्हा 20 नोव्हेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक नेमला. दिवाळखोरी कायद्याखाली गेलेली ती देशातली पहिली वित्त कंपनी. प्रशासक, दावे, धनकोंची समिती, बोल्या, सगळं यथासांग झालं आणि 2021 मध्ये अजय पिरामलांच्या समूहाने 34,250 कोटींना ती घेतली. क्लबाला प्रशासक नेमायची वेळच आली नाही. तो त्याच्या तीन महिने आधी नाहीसा झाला होता. पेपरात नोटीस नाही, यादी नाही. शेवटचे प्रशिक्षक फिल ब्राउन तेवढे थेट हैदराबादच्या बाकावर दिसले. बालेवाडीच्या मैदानावर नारंगी शर्ट घालून बसणाऱ्याने कोणता फॉर्म भरायचा होता? ‘इतर धनको’ म्हणून एफ असतो. त्यात रकमेच्या रकान्यात मी काय लिहू? मार्च 2018 ची उपांत्य फेरी, बंगळुरूत छेत्रीची हॅट्‌ट्रिक, आणि घरी परतलेला संघ?

आपल्या पूर्वसुरींची ओळख थोडक्यात करून देतो. पुणे एफसी 2007 चा, मालक अशोक पिरामल समूह (हे पिरामल दुसऱ्या पातीचे, पुण्याचं फुटबॉल आणि पिरामल यांची पत्रिका जुळते, नांदत मात्र नाही). 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, दोन-तीन वर्षांत आटोपला. भारत एफसी कल्याणी समूहाचा. एक हंगाम खेळला, शेवटचा आला आणि शहाण्यासारखा घरी गेला. डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूलच्या नावाने लोणी काळभोरला अकादमी काढली. क्लब 2017 मध्ये लीगमधून गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत डी. एस. कुलकर्णींना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. एफसी पुणे सिटीने त्रेझेगे आणला, मुतू आणला. गुडजॉनसनही आणला होता, पण तो दुखापतीने एकही सामना खेळला नाही. हृतिक रोशन आले, गेले, अर्जुन कपूर आले. मालकांच्या कक्षातली गर्दी नेहमीच चांगली असायची.

हे सगळं मी हसून सांगू शकतो. अकादमीचं सांगू शकत नाही. पुणे एफसीची अकादमी वाधवानांच्या क्लबाने घेतली आणि मुलं त्याबरोबर नव्या मालकाकडे गेली. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन त्यातलाच. पुढे तो भारताकडून खेळला, म्हणून त्याचं नाव तरी आपल्याला माहीत आहे. बाकीची? पंधरा वर्षांचं पोर गाव सोडून, शाळा बदलून, मेसचं जेवण गिळून पुण्याला येतं आणि एक दिवस त्याला कळतं की क्लब नाही. कोणी पत्र पाठवलं त्यांच्या बापांना? लाज वाटली का कोणाला? बॅलन्स शीट न जमल्याने क्लब बुडतात, मान्य. जगभर बुडतात. पण मुलांना वसतिगृहातल्या खाटांसारखं मोजून एका मालकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं आणि शेवटच्याने दिवा मालवून निघून जायचं, याला व्यवहार म्हणतात? आमच्या कारखान्यातला मुकादम याला जो शब्द वापरेल तो छापता येणार नाही.

असो. आवाज चढला, क्षमस्व.

खरं तर आपली कीवही येते. आपण पुढे यावं तरी कशाच्या भरवशावर? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएसएलचे व्यावसायिक हक्क विकायला काढले, वर्षाला किमान साडेसदतीस कोटींची हमी मागितली आणि 7 नोव्हेंबर 2025 ला मुदत संपली तेव्हा बोली आली एकही नाही. अख्खी लीगच मालक शोधत होती! महिन्याभरात महासंघ आणि लीग चालवणारी एफएसडीएल कंपनी यांचा 15 वर्षांचा करारही संपला. सामने होणार की नाही हे ठाऊक नसताना काही क्लबवाले पगार देत बसले होते. मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुपसुद्धा डिसेंबरात मुंबई सिटीतून हात काढून मोकळा झाला. ज्यांच्या घरी तेल आहे ते निघून जातात, आणि मी तुमच्याकडून वाट्टेल त्या अपेक्षा करतो. तुम्ही मूर्ख असाल तरच याल, आणि मला असाच माणूस हवा आहे.

हैदराबादचा संघ दिल्लीला गेला त्याच ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये शेफील्ड वेन्सडे प्रशासकाच्या ताब्यात गेला. लगेच बारा गुण कापले. 1867 चा क्लब. मालकाच्या निषेधात खरेदी थांबवलेले लोक, तो जाताच क्लबाच्या दुकानाबाहेर रांगा लावून मफलर घेऊ लागले. गुण गेले, पैसा गेला, पण तो क्लब उचलून लीड्सला न्यावा असं प्रशासकाच्या मनातही आलं नाही.

तेव्हा अटी लिहून घ्या. क्लबाचं नाव, रंग आणि चिन्ह पुण्यातल्या एखाद्या सार्वजनिक न्यासाच्या नावावर करावं. तुम्ही वापरा, विकू नका. अकादमीतल्या मुलांच्या दोन वर्षांच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत वेगळी ठेवावी. जाताना पेपरात नोटीस द्यावी, मराठीत, आणि आतल्या पानावर चालेल. नट आणू नये. आणलाच तर त्याने सामना पाहावा.

कळावे,
आपला,
एक इतर धनको

ता. क. : बालेवाडीचं संकुल राज्य सरकारचं आहे, ते विकत मिळणार नाही. भाड्याची चौकशी क्रीडा खात्याकडे करावी आणि पहिला धनादेश वटेल असा द्यावा.