निक्सन यांची दाढी आणि ‘संदर्भ हवा’

टीव्हीवरच्या राजकीय वादविवादांचा विकिपीडियावरचा लेख सुधारायला घेतलेला हौशी संपादक आधी शिकागोला जातो आणि बरेच दिवस तिथून परत येत नाही. २६ सप्टेंबर १९६०. डब्ल्यूबीबीएम वाहिनीचा स्टुडिओ. एका बाजूला सेनेटर केनेडी, दुसऱ्या बाजूला उपाध्यक्ष निक्सन. पुढची गोष्ट संपादकाला तोंडपाठ असते. निक्सन नुकतेच इस्पितळातून बाहेर आलेले, गुडघा दुखरा, वजन घटलेलं, राखाडी सूट मागच्या भिंतीत विरघळलेला आणि दाढीची छटा झाकायला ‘लेझी शेव्ह’ नावाची पावडर चोपडलेली. केनेडी उन्हात रापलेले, गडद सुटात, ताजेतवाने. टीव्ही पाहणाऱ्यांनी केनेडींना विजयी ठरवलं, रेडिओ ऐकणाऱ्यांनी निक्सन यांना.

हे सगळं एका दमात लिहून संपादक ‘बदल प्रकाशित करा’ दाबतो आणि चहा घ्यायला उठतो. परत येतो तोवर शेवटच्या वाक्यामागे कुणीतरी ‘संदर्भ हवा’ असं चिकटवून गेलेलं असतं.

आता या गोष्टीला कसला संदर्भ? पत्रकारितेच्या वर्गांत शिकवतात, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत सांगतात, सूट विकणारेही सांगत असतील. रागारागाने तो पुरावा शोधायला निघतो आणि पोचतो सिंडलिंगर या कंपनीच्या एका पाहणीपाशी. रेडिओवर निक्सन जिंकले, या दाव्याचा मुख्य आधार तीच. तिच्यात रेडिओ ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी कोण जिंकलं ते सांगितलंच नव्हतं. डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ मध्ये लेख लिहून ही सगळी कथाच दंतकथा ठरवली. शिवाय १९६० साली टीव्ही सोडून रेडिओ ऐकणारी मंडळी मुळातच निक्सन यांच्याकडे झुकलेली असू शकतात, ही शंका आहेच.

संपादक जड मनाने वाक्य खोडतो. लगेच चर्चापानावर दुसरे सद्गृहस्थ जेम्स ड्रकमन यांना घेऊन हजर. ड्रकमन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, या वादविवादाबद्दल फारसं ठाऊक नसलेल्यांपैकी काहींना तो दाखवला आणि काहींना नुसता ऐकवला. पाहणाऱ्यांचा कौल केनेडींकडे जास्त झुकला. म्हणजे गोष्ट सिद्ध झालेली नाही, पण अगदीच टाकाऊही नाही. अखेर मूळचं ठसठशीत वाक्य ‘असे मानले जाते, मात्र’, ‘तथापि’ आणि ‘असे असले तरी’ अशा तीन काठ्यांवर तोल सावरत लेखात उभं राहतं. वाचायला मजा येत नाही, पण खरं आहे. ज्ञानकोशाने हेच करावं. मजेसाठी बाकी सगळं इंटरनेट मोकळंच आहे.

यानंतर ‘पहिला’ या शब्दावरून रणकंदन. शिकागोचा वादविवाद पहिला, असं लिहिताच कुणीतरी १९५६ काढतं. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला एलिनॉर रूझवेल्ट आणि सेनेटर मार्गारेट चेस स्मिथ टीव्हीवर समोरासमोर आल्या होत्या. पण त्या उमेदवारांच्या वतीने बोलत होत्या, स्वतः अध्यक्षपदाच्या उमेदवार नव्हत्या, हे कंसात टाकावं लागतं. तिसरा कुणी लिंकन आणि डग्लस यांना आणून बसवतो. १८५८ साली टीव्ही नव्हता, हे त्याला समजावायला चर्चापानाचा निम्मा पडदा जातो. (त्या सात सभा सेनेटच्या जागेसाठी होत्या आणि ती जागा लिंकनना मिळाली नाही, हे तो कधीच लिहीत नाही.)

मग येतो १९६० नंतरचा सोळा वर्षांचा खड्डा. तो भरताना खरी गंमत सापडते, पण लेखात तिला दोन ओळी मिळतात. सर्व उमेदवारांना प्रसारणात सारखी संधी देण्याचं बंधन कायद्यातच होतं. काँग्रेसने ते १९६० पुरतं बाजूला ठेवलं होतं. १९६४ मध्ये जॉन्सन यांना वाद घालायची हौस नव्हती. १९६८ आणि १९७२ मध्ये नकार कुणाचा? निक्सन यांचा. पावडर माणूस विसरत नाही.

१९७६ मध्ये फोर्ड आणि कार्टर फिलाडेल्फियाच्या नाट्यगृहात उभे राहिले आणि ध्वनियंत्रणा बंद पडली. आपल्याकडे पंख्याचा जातो तसा एक बारकासा कंडेन्सर गेला होता. २७ मिनिटं दोन्ही उमेदवार आपापल्या जागी जवळजवळ न हलता उभे होते, आणि कोट्यवधी लोक ते पाहत होते. टीव्हीवरच्या राजकारणाचा इतका शांत कालखंड पुन्हा आलेला नाही.

लेखातला सर्वांत लठ्ठ विभाग मात्र ‘किरकोळ माहिती’. १९९२ मध्ये रिचमंडला थोरल्या बुश यांनी घड्याळ पाहिलं. २००० मध्ये अल गोर यांनी उसासे टाकले. ७ ऑक्टोबर २०२० रोजी उपाध्यक्ष पेन्स यांच्या डोक्यावर माशी बसली आणि सुमारे दोन मिनिटं बसून राहिली. माशीला सज्जड संदर्भ असतात. तिच्याविषयी कुणी ‘संदर्भ हवा’ म्हणत नाही. उलट १९६० च्या पुढच्या फेऱ्यांत दोन्ही उमेदवार ज्यावरून हमरीतुमरीवर आले, ती चीनच्या किनाऱ्यालगतची केमॉय आणि मात्सू ही बेटं लेखात नावालाही नसतात. संपादक ती घालतो. माशी तो काढत नाही, पण तिला एका वाक्यावर आणतो. सबंध लेखातली सर्वांत मोठी सुधारणा हीच.

‘भारत’ या विभागाला मथळा आहे, मजकूर कमी. ९ मे २०२४ रोजी निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, मुंबई उच्च न्यायालयात काम केलेले निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादविवादाचं निमंत्रण दिलं. गांधींनी होकार कळवला. वादविवाद झाला नाही. न घडलेल्या गोष्टीवर किती लिहावं, हा प्रश्न चावडीवर जातो. तिथे कुणी सुचवतं, रोज रात्री वाहिन्यांवर आठ चौकटींतून आठ प्रवक्ते एकदम बोलतात, ते घाला. सूचना फेटाळली जाते, कारण लेख वादविवादांचा आहे आणि वादविवादात निदान एकाचं बोलणं ऐकू यावं लागतं.

एक जागा अजून रिकामीच आहे. १९६० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली मराठी दैनिकं कुणाच्या माळ्यावर असतील आणि त्यांत शिकागोची बातमी असेल, तर ती अवश्य चर्चापानावर कळवावी. दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक, सगळं लिहावं. आजोबा सांगायचे, हा संदर्भ धरला जाणार नाही.