८.३३ टक्क्यांचं प्रेम

नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीचा फोन आला की पहिल्या मिनिटात तीन प्रश्न येतात. करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती. नाव त्यानंतर, तेही चुकीचं. तुम्ही जावामध्ये दहा वर्षं घासलेली असतात आणि पलीकडून विचारणा होते, "सर, जावास्क्रिप्ट येतं ना? सेमच आहे." कंपनी कोणती? "क्लायंट कॉन्फिडेन्शियल आहे." पगार? "ॲज पर मार्केट." तुमच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मात्र आत्ताच्या आत्ता व्हॉट्सॲपवर हव्यात.

आपण 'काय उद्धट आहेत हो' म्हणून आईवडिलांचे संस्कार काढतो. संस्कारांचा काही संबंध नाही, हिशेब बघा. कन्सल्टन्सीचा रूढ दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. बारा लाखांच्या माणसामागे एक लाख, आणि तो देते कंपनी. म्हणजे गिऱ्हाईक ती, तुम्ही माल. वांग्याशी कुणी अहो-जाहो करतं का?

बरं, आपला पगार वाढला तर त्यांचाही वाटा वाढतो, मग ते आपल्या बाजूनं भांडतील, असं भाबड्यांना वाटतं. तुम्ही लाखभर जास्त मागितलेत तर त्यांच्या पदरात पडणार आठ हजार तीनशे. तेवढ्यापायी कंपनी बिथरली तर जाणार अख्खा लाख. म्हणून "सर, एवढ्यावर क्लोज करू या, ग्रोथ खूप आहे!" ग्रोथ असेलही. कुणाची, ते विचारू नका.

करारात बहुतेकदा आणखी एक कलम असतं. रुजू झालेला माणूस ठरावीक मुदतीत, पुष्कळदा नव्वद दिवसांत, सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा. त्यामुळे पहिले तीन महिने "कसं चाललंय सर, टीम चांगली आहे ना?" असे फोन येतात. सख्खा मामा एवढी चौकशी करत नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी तुम्ही फोन करून बघा.

नोटीस पिरियडची गंमत तर वेगळीच. आयटीतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी तो नव्वद दिवसांचा करून ठेवला आणि माणूस हवा म्हटलं की जाहिरात 'इमिजिएट जॉइनर'ची. स्वतःचा माणूस तीन महिने सोडायचा नाही, दुसऱ्याचा मात्र येत्या सोमवारी हवा.

मग दोन राउंड, घरून करायची असाइनमेंट, शनिवारची मुलाखत आणि त्यानंतर सामसूम. निवड झाली की नाही, हे तिसऱ्याच कुणाच्या तरी लिंक्डइनवरच्या पेढ्यांवरून कळतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीनं जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर निर्णय झाला की नाही हे ४५ दिवसांत उमेदवाराला कळवावंच लागतं. कॅलिफोर्नियात २०१८ पासून जुना पगार विचारायलाच बंदी आहे. तिथले रिक्रूटर जन्मतः सुसंस्कृत म्हणून नव्हे. नव्हते, म्हणूनच कायदा करावा लागला.

फोन करणाऱ्या त्या पोरांचीही दया येते म्हणा. संध्याकाळपर्यंत अमुक इतके सीव्ही पाठवायचं टार्गेट, डोक्यावर मॅनेजर, आणि हाताशी तुमच्या क्षेत्राचं दोन ओळींचं ज्ञान. शिवाय चार-चार ऑफर खिशात घालून जॉइनिंगच्या दिवशी मोबाइल बंद ठेवणारे शूरवीरही आपल्यातलेच.

तरी दया आली म्हणून सीव्ही देऊन टाकायचा नसतो. कंपनीचं नाव आणि जॉब डिस्क्रिप्शन मेलवर आल्याशिवाय तर नाहीच. एकाच कंपनीत दोन कन्सल्टन्सींनी तुमचा सीव्ही ढकलला की वाद त्यांचा, बाद तुम्ही. रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर फोन ठेवा, 'थँक यू'सुद्धा म्हणू नका. आणि सीटीसी विचारला की आवाजात साखर घालून म्हणा, "आधी तुमचं बजेट सांगा ना." आत्तापर्यंत खणखणीत असलेली हिंजवडीची रेंज कशी जाते, ते ऐका.