वरून प्रॉब्लेम आहे

ज्या घरात सगळ्यांना रेंज मिळते आणि एकालाच मिळत नाही, त्या घरात दोष त्या एकाचाच असतो. आमच्या घरात तो एक म्हणजे माझा डेस्कटॉप, आणि त्याचा पालक या नात्याने मी. हॉलमध्ये चिरंजीवांच्या मोबाइलवर सामना चालू असतो, टीव्हीवरची मालिका कुठे अडखळत नाही, आई कोल्हापूरच्या मावशीशी व्हिडिओवर लोणच्याच्या फोडी केवढ्या चिरायच्या हे दाखवून दाखवून बोलत असते. आणि आतल्या खोलीत माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोल येऊन बसतो. इंटरनेट नाही. बाहेर येऊन हे सांगावं तर बायको शांतपणे म्हणते, "अहो, आमचं तर नीट चाललंय."

मी डीटीपी करतो. नारायण पेठेत घर आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत दिवाळी अंकांची कामं, म्हणजे वर्षातले एरवीचे महिने माणसात असतो असं म्हणायला हरकत नाही. जाहिरातींसकट अंकाची पीडीएफ दोनअडीचशे एमबीची होते. ती गुणी मुलासारखी ८७ टक्क्यांपर्यंत चढते आणि तिथे बसून राहते. मग संपादकांचा फोन. "तुम्ही पाठवली म्हणालात, इथे काही आलेलं नाही." छापखाना खोळंबलाय, मुखपृष्ठ छापून तयार आहे, फर्मे लावायचे थांबलेत, हे सगळं ते ज्या स्वरात सांगतात त्यावरून मी पीडीएफ नव्हे, त्यांच्या मुलीचं लग्न अडवून बसलोय असं वाटावं.

"लॅपटॉप का घेत नाही?" हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक जण चहाच्या आधी विचारतो. कारण पान लावायला मोठा पडदा लागतो. कारण मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबीचं कुलूप याच यंत्राला चालतं. आणि कारण हा कीबोर्ड माझ्या बोटांना ओळखतो. त्याच्यावरची अक्षरं कधीच पुसली गेलीत. यंत्र जुनं आहे, मदरबोर्डवर वायफाय नाही. म्हणून मागच्या बाजूला नखाएवढा डोंगल खोचलेला. सगळं घर त्या नखावर तोललेलं.

वायफाय बिघडलं की पहिला येतो तो शहाणपणाचा पूर. आईचा उपाय एकच आणि तो सर्वांत आधी अमलात येतो: बटण बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, चालू करायचं. त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण तो पुष्कळदा लागू पडतो. राऊटर नव्याने सुरू होताना कोऱ्या पाटीने उठतो आणि चॅनेल आपोआप निवडण्याची सोय असेल तर आसपासची गर्दी पुन्हा चाचपतो. फक्त आई हे कोणाला न विचारता करते, आणि ते नेमकं पीडीएफ ९१ टक्क्यांवर असताना करते.

मग नेटवाला मुलगा. तो दारातूनच राऊटरचे दिवे बघतो. लाल दिवा नाही ना? मग फायबर ठीक. मोबाइल काढून स्पीड मोजतो, ९४ येतो, मला दाखवतो, आणि त्याच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य म्हणतो, "काका, वरून प्रॉब्लेम आहे." वरून म्हणजे नक्की कुठून, हे तो कधीच सांगत नाही. बोट मात्र आकाशाकडे करतो. आईला तेवढंच पुरतं.

तिसरे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. दूरसंचारातून निवृत्त झालेले, त्यामुळे लहरींवर त्यांचा वडिलोपार्जित हक्क आहे. त्यांनी मोबाइलवर एक आलेख उघडला. त्यात बिल्डिंगमधल्या सगळ्या वायफायच्या टेकड्या एकमेकींवर रेललेल्या. नावंही वाचण्यासारखी: कोणाचं 'श्री स्वामी समर्थ', कोणाचं 'पासवर्ड मागू नये', आणि एकाचं, बहुधा भाडेकरूला उद्देशून, 'आधी लाइट बिल भरा'. पुण्याच्या भिंतींवरच्या पाट्या कमी झाल्या अशी खंत करणाऱ्यांनी एकदा पेठेत उभं राहून वायफायची यादी उघडावी.

"हे बघ," काका म्हणाले, "सगळे १, ६ नाही तर ११ वर मरताहेत. ३ वर कोणी नाही. तू ३ वर जा."

दिसायला बरोबर आहे. पण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल १३ असले तरी ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर मांडलेत आणि एकेकाला पसरायला वीस लागतात. म्हणून एकमेकांना न खेटता तिघेच बसू शकतात, ते हेच १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरचे राऊटर निदान दुसऱ्याचं बोलणं ऐकतात आणि थांबून आपली पाळी घेतात. ३ वर गेलं की दोन्हीकडचा नुसता गोंगाट कानावर येतो, बोली कोणाचीच कळत नाही. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर दोन ढोल पथकांच्या बरोब्बर मधे उभं राहिल्यावर होतं तसं. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पुस्तकी बोलू नकोस," आणि चॅनेल ३ करून गेले. संध्याकाळपर्यंत टीव्हीही अडखळायला लागला. माझ्या एकट्याचं दुःख सगळ्या घराचं झाल्याचा आनंद लपवणं मला फार कठीण गेलं. रात्री चिरंजीवांनी गुपचूप ११ केलं.

चिरंजीवांचं निदान मात्र एका वाक्याचं. "बाबा, तू फाइव्हवर ये."

यावर बायको म्हणाली, "आपल्याकडे फाइव्ह जी आहे ना?" ते मोबाइलचं. हे पाच गिगाहर्ट्झ. तिथे मोकळीक आहे, वेग आहे, पण भिंती ओलांडताना ते लवकर दमतं, आणि माझ्या नखाएवढ्या डोंगलला ते कळतच नाही. तो २.४ वाला. म्हणजे मायक्रोवेव्हच्या आळीत राहणारा. ओव्हनही त्याच पट्ट्यात, २.४५ च्या आसपास चालतो. किंबहुना हा पट्टा फुकटात मिळाला तोच असल्या शेजाऱ्यांमुळे. तापवण्याच्या यंत्रांनी तिथे आधीच इतका कल्ला केलेला होता की अमेरिकेने १९८५ मध्ये तो बिनपरवाना संदेशवहनालाही खुला केला. आपल्याकडे ही मुभा २००५ मध्ये आली. ओव्हनच्या दारातून झिरपणारं तेवढंसं माणसाला काही करत नाही, डोंगलला बहिरं करायला पुरतं. दुपारी बायको आमटी गरम करते तेव्हा माझं नेट दीड मिनिट जातं. पण दीड मिनिटच. बाकीच्या दिवसाचं काय?

संगणकात तपासणी करणारी एक सोय असते. ती बराच वेळ हिरवी पट्टी हलवते आणि कोणताही दोष आढळला नाही म्हणून सांगते. तिच्यापेक्षा मला ती काळी खिडकी बरी वाटते, जिथे पिंग टाइप करून थेट राऊटरला हाक मारता येते. १९२.१६८.१.१, आमच्या हॉलमधल्या चपलांच्या कपाटावर बसलेला. हाक मारली, उत्तर किती मिलिसेकंदात आलं, परत हाक. नेटवाल्याच्या 'वर'शी याचा काही संबंध नाही. ही फक्त हॉल ते आतली खोली अशी बातचीत. २, ३, २, ८४०, ३, मग उत्तरच नाही, उत्तरच नाही, १२००. एवढं पाहिल्यावर आकाशाकडे बोट दाखवायची सोय उरत नाही. भानगड घरातलीच.

मग मी शिवणाचं रीळ घेतलं. दोऱ्याचं एक टोक राऊटरला बांधलं, दुसरं डोंगलकडे आणलं, आणि मधे काय काय येतं ते पाहत निघालो. फ्रिज. वीट-सिमेंटची भिंत. भिंतीच्या अलीकडे आईचं लोखंडी कपाट, लग्नातलं, ज्यात साड्यांच्या मागे तांब्याची घंगाळी आहेत. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये लहरी सोडल्या तेव्हा वाटेत भिंती होत्या आणि खुद्द लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्या सगळ्यांतून आरपार जाऊन लहरींनी पलीकडे घंटा वाजवली, बंदुकीच्या दारूचा बार उडवला. पण बोसांच्या वाटेत आमच्या आईचं कपाट नव्हतं. लहरी भिंत सोसतात, लोखंडावरून परत फिरतात. "कपाट हलवू का?" असं मी नुसतं विचारलं. त्यानंतरचं संभाषण इथे देत नाही.

खरी गंमत दोऱ्याच्या शेवटच्या हातभर भागात होती. दोरा टेबलाखाली गेला आणि थेट कॅबिनेटच्या पत्र्याला थडकला. डोंगल त्याच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून, जळमटांत. म्हणजे इतकं सगळं ओलांडून आलेल्या लहरीला शेवटी माझ्याच संगणकाची पाठ आडवी. टेबलावरच्या मोबाइलला सिग्नल उणे ५८ डीबीएम, मागच्या डोंगलला उणे ७८. या हिशेबात वीसचा फरक म्हणजे शंभर पट. बायकोचं म्हणणं, "आमचं तर नीट चाललंय" हे शास्त्रीय दृष्ट्या बरोबर होतं. मी ते लिहून दिलं नाही.

आणि त्या डोंगलच्या शेजारी, चिकटून, निळ्या खोबणीत बॅकअपची हार्ड डिस्क. हा निळा यूएसबी ३.० चालू झाला की त्याच्या वायरीतून, जोडाजवळून रेडिओचा खरखराट निघतो आणि तो नेमका २.४ च्या पट्ट्यावर पडतो. २०१२ मध्ये इंटेलने यावर सविस्तर टिपण काढलेलं आहे. ही काही माझी कल्पना नव्हे. पिंगची खिडकी उघडी ठेवून मी हार्ड डिस्कवर एक जुना अंक टाकायला घेतला. उत्तरच नाही, उत्तरच नाही, उत्तरच नाही. कॉपी थांबवली. २, ३, २. पुन्हा चालू केली. पुन्हा गप्प. आता मी काय करायचो? पीडीएफ तयार झाली की शिस्तीचा माणूस म्हणून आधी बॅकअप लावायचो, आणि तो चालू असतानाच अंक संपादकांना पाठवायचो.

अप्पा बळवंत चौकाजवळून यूएसबीची दीड मीटर लांबीची वायर आणली. डोंगल मागून काढून तिच्या टोकाला लावला, टोक टेबलावरून वर नेलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. हार्ड डिस्क पुढच्या खोबणीत. वीज वाचवायला डोंगलला झोपवण्याची परवानगी संगणकाला दिलेली असते, ती खूणही काढून टाकली. आठ मिनिटं प्रूफ वाचलं की नेट जायचं ते त्यामुळे थांबलं. पहिली पीडीएफ पोचली तेव्हा संपादक काही बोललेच नाहीत, हे त्यांच्याकडून कौतुकच.

घरात श्रेयाची वाटणी झाली. काकांच्या मते चॅनेलमुळे. नेटवाला मुलगा म्हणाला, "बोललो होतो ना काका, वरून होता, वरूनच सॉल्व्ह झाला." आईने त्याला मान डोलावली.

एकच अडचण आहे. परवा संपादक फोनवर, पीडीएफ चढतेय, मी टक्के मोठ्याने वाचून दाखवतोय. तेवढ्यात आई चष्मा लावून आली आणि संकष्टीचा चंद्रोदय बघायला कॅलेंडर खिळ्यावरून काढून दिव्याखाली घेऊन गेली. सोबत डोंगल. वायर ताणली, सुटली, कोपऱ्यात पृथ्वीचा गोल.

"अहो, काय झालं? किती?" संपादक ओरडले.

"नऊ बारा," आई दिव्याखालून म्हणाली.

फोनवर क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग आवाज एकदम खाली आला. "पुण्याचाच ना? थांबा, हिला सांगतो. आणि ते, पीडीएफ जेवण झाल्यावर पाठवलीत तरी चालेल."