भावी लेथमालक

महाराष्ट्रात चौकाचौकांत 'भावी आमदार' लटकलेले असतात. निवडणुका येतात, जातात, पक्ष फुटतात, पुन्हा जुळतात. भावी आमदार फ्लेक्सवर हात जोडून भावीच राहतो. अमेरिकेत फ्लेक्सची सोय नाही, त्यामुळे तिथला भावी लेथमालक बेसमेंटमध्ये भेटतो. न्यू जर्सीत एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत, ज्या मराठी घरात पूलचं टेबल आहे तिथे जेवायला जा. मसालेभात आणि गुलाबजाम झाले की यजमान हळूच म्हणतो, "खाली चला, एक गंमत दाखवतो." गंमत म्हणजे भिंतीलगतची मोकळी जमीन. तिच्यावर निळ्या चिकटपट्टीने एक लांब चौकोन आखलेला असतो.

"इथे लेथ येणार," तो म्हणतो.

आपण चौकोनाकडे आदराने बघतो. दुसरं काय करणार?

मुळात टेबल त्याने घेतलेलं नसतं. आधीच्या घरमालकाने ते सोडून दिलेलं असतं, कारण खाली स्लेटच्या लाद्या असलेलं टेबल हलवण्यापेक्षा घर विकणं सोपं. त्यावर प्लायवूड आणि चादर टाकली की पॉटलकची पंगत मांडता येते, गणपतीत आरास होते, मंडळाच्या एकांकिकेच्या तालमीत ते दुसऱ्या अंकाचा पलंग होतं. (एकांकिकेला दुसरा अंक कसा, हे मंडळाला विचारू नये.) हिरव्या कापडावर श्रीखंडाचा एक जुना डाग आहे. त्याच्यावरून गेलेला बॉल डावीकडे वळतो अशी सर्वांची श्रद्धा आहे, आणि हरलेल्यांची खात्री.

या तळघरात उन्हाळ्यात दमट असतं आणि हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी ठक्क होते. पूल खेळायची काठी म्हणजे क्यू, तो बहुतेक मेपलचा. लाकूड ते, बिचारं पाणी पितं आणि सोडतं आणि या धावपळीत वाकतं. टोकाची चामड्याची टिप मार खाऊन कडेने फुगते. टिपेखालच्या पांढऱ्या फेरूलला तडा जातो. मधला जोड खुळखुळतो. टिप बदलून देणारा माणूस वीस-पंचवीस डॉलर घेतो. एवढे पैसे द्यायचे? छे! म्हणून आमचा भावी लेथमालक काही हजारांचा लेथ घेणार आहे. हा हिशेब त्याने एक्सेलमध्ये केलेला आहे, आणि एक्सेलमध्ये तो बरोबर येतो.

माणूस शिकलेला आहे. मेकॅनिकलची पदवी सांगलीची, नोकरी जावाची. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथवर स्टेप टर्निंगचा जॉब करायचा होता. तो वर्कशॉपच्या मामांनी चहाच्या बोलीवर करून दिला, आणि यांनी खाली पडलेला चुरा झाडून घेतला. पुढे कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनीने उचललं ते थेट विमानातच ठेवलं. पण पदवीवर मेकॅनिकल लिहिलंय ना! आजही कुणी "तू काय करतोस?" असं विचारलं की "सध्या सॉफ्टवेअर" म्हणतो. हे 'सध्या' गेली दोन दशकं चालू आहे. लेथ आला की ते संपणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग घेत का नाही? इथेच बाहेरच्या माणसाची चूक होते. तो आळशी नाही, चिक्कू तर अजिबात नाही. त्याची अडचण अशी आहे की त्याचं सगळं बरोबर असतं.

क्यू म्हणजे नुसती काठी नव्हे, हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. लांबी साधारण ५८ इंच. मधोमध जोड, म्हणजे २९-२९ इंचांचे दोन भाग. पुढचा भाग टोकाला १३ मिलिमीटर, जोडापाशी २१च्या जरा वर. मागचा, मुठीचा भाग शेवटाला ३२च्या आसपास. नवशिक्यांसाठी जो सगळ्यात स्वस्त छोटा लेथ मिळतो, त्याला म्हणतात सात बाय दहा. म्हणजे सात इंच व्यासाचा जॉब फिरेल आणि दोन टोकांमध्ये दहा इंच लांबीचा बसेल. काठी २९ इंचांची. मग ती स्पिंडलच्या भोकातून आरपार घालायची, टोक पुढे चकमध्ये धरायचं आणि उरलेली शेपटी मागे बाहेर ठेवायची. इथवर ठीक. टिप बदलता येईल, फेरूल बसवता येईल. पण त्या भोकाचा व्यास साधारण २० मिलिमीटर. जोडाची पिन बसवायची तर मुठीचा भाग जोडाकडून आत घालायचा, आणि जोड २१! एका मिलिमीटरसाठी अख्खा लेथ बाद. हे सांगताना त्याचा आवाज थोडा कापतो.

"मग लांब बेडचा घे," कुणीतरी सुचवतं.

"ॲरिझोनाचा टेग आहे, कॅलिफोर्नियाचा शेरलाइन आहे," तो म्हणतो. "सुंदर मशीनं. घड्याळजीने वापरावीत अशी. पण शेरलाइनच्या स्पिंडलचं भोक १० मिलिमीटर. करंगळी जात नाही. बेड लांब घेतला तरी काठीला मधे स्टेडी रेस्टचा आधार द्यावा लागतो, आणि स्टेडी रेस्टच्या बोटांनी फिनिशवर ओरखडे पडतात."

"मग खास क्यूसाठीच बनवलेला?"

"ते मिळतात. भोक मोठं, बेड लांब, टेपर काढायची सोय, मागच्या शेपटीला दुसरा चक. पण त्यावर लोखंडाचं काम होत नाही."

"तुला लोखंडाचं काय करायचंय?"

तो आपल्याकडे अशा नजरेने बघतो की आपण मुकाट्याने आणखी एक गुलाबजाम घेतो.

असा प्रत्येक लेथला त्याचा एक आक्षेप आहे आणि प्रत्येक आक्षेप खरा आहे. एखादा कारखानदार त्याच्याशी वाद घालायला आला तरी हरून जाईल. तीन जबड्यांच्या चकमध्ये जॉब आपोआप मध्यावर येतो, पण अगदी मध्यावर कधीच येत नाही. चार जबड्यांच्या चकमध्ये अगदी मध्यावर येतो, पण आणेपर्यंत संध्याकाळ होते. मागची शेपटी मोकळी सोडली तर वेगात फटकारे मारते. लाकडाचा भुसा तेलकट बेडवर पडला की त्याची पेस्ट होते. सगळं खरं! माझा असा समज आहे की जगातले बहुतेक लेथ यातलं निम्मंही ठाऊक नसलेल्या माणसांनी विकत घेतलेले असावेत.

लेथ येण्याआधी बाकीचं साहित्य मात्र आलं आहे. मेपलचे चौकोनी दांडे छताला टांगून वाळत ठेवलेत. क्यू एका दमात कातायचा नसतो. थोडं कातायचं, काही आठवडे टांगायचं, वाकतो का बघायचं, पुन्हा थोडं कातायचं. चांगले कारागीर यात महिनोन्महिने घालवतात. त्याचे दांडे तर कातण्याआधीच काही वर्षं टांगलेले आहेत. जपानी थरांच्या टिपा आहेत, शिकागोच्या जुन्या पद्धतीच्या टिपा आहेत, दस्त्याला गुंडाळायचा आयरिश लिननचा दोरा आहे. वहिनींनी त्यातला थोडा गौरीच्या मखराला वापरला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

गोष्टी तर विचारूच नका. ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुष्काचं नाव तो घरातल्या कुलदैवतासारखं घेतो. रशियातून आलेला, आधी लाकडी खेळणी करणारा हा माणूस १९५९पासून क्यू बनवायला लागला आणि पुढे त्याचे क्यू लोक तिजोरीत ठेवू लागले. 'द कलर ऑफ मनी' या १९८६च्या सिनेमात टॉम क्रूझच्या हातात जो बालाबुष्का दिसतो, तो बालाबुष्का नाहीच, जॉस कंपनीचा क्यू आहे, हे त्या प्रसंगी सिनेमा थांबवून सांगितल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. अमेरिकन पाहुणा असेल तर स्नूकर १८७५ साली जबलपूरला जन्मला हेही येतं. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात, नागपूरही मध्य प्रांतात, आणि याचं आजोळ नागपूरचं. तेव्हा स्नूकरमध्ये आजोळकडून थोडा वाटा आहेच.

ही कीर्ती पसरल्यामुळे मंडळातले लोक आपापले दुखणाईत क्यू त्याच्याकडे आणून ठेवू लागले. तोही प्रत्येकाला चिठ्ठी बांधतो: नाव, तक्रार, तारीख. 'टिप सैल.' 'जोड वाजतो.' 'मुलाने तलवार म्हणून वापरला.' सगळे कोपऱ्यात उभे आहेत. परिणाम असा की सबंध मंडळात धड क्यू उरलेला नाही, आणि शनिवारी सगळे आळीपाळीने एकाच क्यूने खेळतात. तो क्यू यजमानांचा. त्याची टिप नवी कोरी दिसते.

ती कुणी बसवली? पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन राहतो. त्याने काहीही न वाचता तो सात बाय दहा घेतला, पेटी उघडली आणि गॅरेजमध्ये ओट्यावर ठेवला. मागे फटकारणाऱ्या शेपटीसाठी नळाच्या प्लॅस्टिक पाइपाचा तुकडा लावून त्याला चिकटपट्टी गुंडाळली. चामडं चिकटवतो, कडेने कातून फेरूलला भिडवतो, माथ्याला गोलाई देतो, वीस मिनिटांत क्यू हातात. जोडाची पिन बसवायला कुणी आणली तर "हे माझ्याकडे होत नाही" म्हणतो आणि बिअर पुढे करतो. आमचा माणूस तिथे शेजारी उभा राहून त्याला पाइप किती तिरका बसलाय ते सांगत होता, अशी बातमी वहिनींकडून आली.

"काम चांगलं झालंय की," मी क्यू हातात घेऊन म्हटलं.

"चाललंय," तो म्हणाला. "पण ते बरोबर नाही."

यंदाच्या मे महिन्यात सासरे आले. सासरे उभी नोकरी भोसरीत टर्नर होते, हरिहरच्या किर्लोस्करांच्या 'एंटरप्राइज' लेथवर. वहिनींनी मोठ्या आशेने त्यांना खाली पाठवलं. बाबा एकदा बोलले की विषय मिटेल! बाबांनी निळा चौकोन पाहिला, चष्मा पुसला आणि विचारलं, "जावईबापू, जॉब काय आहे?"

"क्यू, बाबा. लाकडाचा."

"टॉलरन्स?"

"एक थाऊ." (म्हणजे इंचाचा हजारावा भाग.)

"लाकडाला? अहो, पाऊस पडला की ते दोन थाऊ फुगतं."

विषय इथे मिटायला हवा होता. पण सासऱ्यांनी छोट्या लेथचे फोटो पाहिले, "ही खेळणी आहेत" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीपासून जुना, जड, ओतीव लोखंडाचा लेथ स्वतःच शोधायला लागले. टीव्हीवरच्या मालिका बंद झाल्या. साउथ बेंडचा नऊ इंची सापडला. भोक १९ मिलिमीटर, बाद. एक भलामोठा सापडला. तो थ्री फेजवर. घरात थ्री फेज येत नाही हे कळल्यावर सासरे खरोखर हळहळले. "एवढा श्रीमंत देश, आणि थ्री फेज नाही?"

शेवटी पेनसिल्व्हेनियात साउथ बेंडचा 'हेवी टेन' निघाला. मोठ्या स्पिंडलचा, भोक ३५ मिलिमीटर, मूठ सहज आरपार. वजन अर्ध्या टनाच्या घरात. तळघराच्या जिन्याचा प्रश्न होता, पण त्याचं चित्र सासऱ्यांनी पाठकोऱ्या कागदावर काढून ठेवलं होतं. रविवारी सकाळी ट्रक भाड्याने घेऊन दोघं गेले. वहिनींनी निळ्या चौकोनात पाणी शिंपडून झाडून घेतलं, कडेने रांगोळीही काढली.

रात्री ट्रक आला. रिकामा. सासऱ्यांनी तिथे पोचताच चकजवळच्या बेडवर नख फिरवलं होतं आणि नख अडकलं होतं. "इथे झिजलाय. वर्षानुवर्षं इथेच काम केलंय कुणीतरी," ते म्हणाले, आणि जावयाने लगेच मान डोलावली. परत येताना दोघांच्याही चेहऱ्यावर अजिबात निराशा नव्हती. जावयाच्या काखेत मात्र लाकडाची एक जड पेटी होती. लेथ विकणाऱ्याच्याच गॅरेजमधून घेतलेला, जुना, जवळजवळ पूर्ण असा कॉलेटचा, म्हणजे लेथमध्ये जॉब धरणाऱ्या नळ्यांचा, संच.

"लेथ नाही, मग हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"अगं, उलट बरं झालं," तो पेटी निळ्या चौकोनात ठेवत म्हणाला. "आता निवड सोपी झाली. ही कॉलेट ज्याला बसतील तोच लेथ."

"आणि थ्री फेज नको," सासरे मागून म्हणाले.