आधी पुढं, मग वर

आमच्या मुलखाला काढण्याची फार जुनी सवय आहे. जमिनीतून कोळसा काढायचा, आलापल्लीच्या जंगलातून सागवान काढायचं, सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज काढायचं. १९८२ साली तर चंद्रपुरातून अख्खा गडचिरोली जिल्हाच काढला. काढलेलं परत येतं, नाही असं नाही. फक्त वेश पालटून येतं. कोळसा वीजबिल होऊन येतो आणि बांबू पोरांच्या वह्या होऊन. त्यामुळे अंगणात जुन्या पद्मिनीचं इंजिन काढायला घेतलं, याचं गल्लीत कुणाला काही वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या वाक्याचं.

“वापस बसवायचं आहे म्हणता?” शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं. “मंग काढता काहून जी?”

प्रश्न रास्त होता. प्रीमिअर पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट, कुर्ल्याच्या कारखान्यात आपली झालेली. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली, तेव्हा पेपरांनी गहिवरून लिहिलं. इकडे आमची पद्मिनी निळा धूर सोडत होती आणि पेट्रोलइतकंच ऑईल पीत होती. पिस्टनच्या रिंगा गेल्या, असं मिस्त्रीनं नुसत्या वासावरून सांगितलं.

इंजिन उचलायला चेन पुली मिळाली. ती टांगायची कशाला, यावर मात्र अंगणात परिषद भरली. इंजिनातलं कळणारा एकटा मिस्त्री. लाकडातलं कळत नाही असा माणूस आमच्याकडे जन्मालाच येत नाही. शेवग्याची फांदी पहिल्याच फेरीत बाद झाली. चिंचेची मजबूत, पण गाडी तिच्याखाली जाईना. शेवटी तीन बल्ल्यांची तिपाई करायचं ठरलं आणि मग खरा वाद पेटला. सागाच्या बल्ल्या सरळ, पण ऐन वजनाला खरा, असं एकाचं म्हणणं. जंगलखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “बैलगाडीचा आस कशाचा करत होते? धावड्याचा. मंग?” या ‘मंग’पुढे कुणाचं चाललं नाही. तरी बल्ल्या सागाच्याच आल्या, कारण गल्लीत त्याच पडून होत्या.

मिस्त्री मात्र पुलीला हात लावायला तयार नव्हता. बॅटरी सोडवली, रेडिएटरचं पाणी काढलं, बॉनेट उतरवून भिंतीला टेकवलं. मग एकेक नळी, एकेक वायर सुटू लागली आणि प्रत्येकीला तो चिठ्ठी बांधू लागला. बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत गेले. घरातले लोणच्याचे, मिठाचे सगळे डबे कामाला लागले. गिअरबॉक्स गाडीतच राहणार होता, म्हणून त्याच्या पोटाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. एवढं झाल्यावर साखळी ताणली गेली. पोरं ओरडली, “उचला, उचला!”

“आधी पुढं, मग वर,” मिस्त्री म्हणाला.

गिअरबॉक्समधून आलेला दांडा क्लचप्लेटच्या दात्यांत बसलेला असतो. तो पुरता सुटेपर्यंत इंजिन समोर सरकवायचं. त्याआधी वर ओढलं तर सगळा भार त्या दांड्यावर येतो आणि प्लेट वाकते. तो इंजिन डुलवत बोटबोट पुढं घेत होता, मधेच थांबून कान देत होता. एकदाचा दांडा सुटला. इंजिन वर चढू लागलं, तशी पुढच्या स्प्रिंगांवरचं ओझं हटलं आणि गाडीनं नाक वर केलं. इतक्या वर्षांत ती इतकी ऐटीत कधी उभी राहिली नव्हती. आत काहीच नसलं की मान आपोआप ताठ होते, हे निवडणुकीच्या दिवसांत आम्ही बघतोच.

इंजिन बोअरिंगला नागपूरला गेलं. आमच्याकडचा आजारी माणूस आणि आजारी इंजिन, दोघांचा रस्ता एकच.

मागे उरले ते डबे आणि चिठ्ठ्या. काढणाऱ्याला एकच हिशेब ठेवावा लागतो, किती निघालं याचा. बसवणाऱ्याला कुठून काय निघालं हे ठाऊक लागतं, आणि तेही काढायच्या आधी. म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. यापुढे या दोन जिल्ह्यांतून काहीही काढायचं झालं, तर निविदेत एक अट असावी: प्रत्येक झाडाला, झऱ्याला, पायवाटेला आधी चिठ्ठी बांधावी, आणि पुलीला हात त्यानंतर लावावा. देखरेखीला आमचा मिस्त्री द्यायला माझी हरकत नाही. पण पद्मिनी सुरू झाल्यावर. तोवर तो मोकळा नाही.