लक्ष्मीचा साक्षांकित दाखला

अमेरिकी विद्यापीठाने प्रवेश देऊन विद्यार्थ्याच्या बुद्धिमत्तेची ग्वाही दिली, तरी विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारा आय-२० हा दस्तऐवज हाती पडण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज कागदोपत्री सिद्ध करावी लागते. आणि मग ज्या मामांची ओळख एरवी लग्नपत्रिकेपुरती, त्यांच्या मुदतठेवीच्या पावत्यांना एकाएकी वात्सल्याचा पाझर फुटतो. मोठ्या कर्जासाठी बँकेत जावे, तर अधिकारी गुणपत्रिका अदबीने बाजूला सारून घराचे खरेदीखत मागतात. १९१३ साली बडोदे दरबाराने आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविताना दहा वर्षांच्या चाकरीचा करार लिहून घेतला होता. वडिलांचे घर मात्र गहाण मागितले नव्हते. सरस्वतीच्या आराधनेस आजही कोणास मज्जाव नाही; अर्जासोबत लक्ष्मीचा दाखला, तोही साक्षांकित, जोडला म्हणजे झाले.